कॉ. शरद पाटील : जातीचा प्रश्न विचारणारा कम्युनिस्ट

महाराष्ट्राच्या डाव्या चळवळीत धुळ्याचे कॉ. शरद पाटील (१७ सप्टेंबर १९२५ – १२ एप्रिल २०१४) यांचे स्थान वेगळे आहे. ते कम्युनिस्ट कार्यकर्ते, आदिवासींचे संघटक, संस्कृत व पाली वाङ्मयाचे अभ्यासक आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक होते. भारतातील शोषणाचा उलगडा केवळ वर्गाच्या आधारे होत नाही, जातीचा अंत हा क्रांतीनंतरचा नव्हे तर क्रांतीचाच कार्यक्रम असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. या भूमिकेसाठी त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ ज्या चळवळीत घालवला, त्या चळवळीतील प्रस्थापित पक्ष सोडला. त्यांचा स्वतःचा पक्ष लहानच राहिला. मात्र त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पुढे ज्या पक्षातून ते बाहेर पडले, त्या पक्षालाही टाळता आला नाही.

जडणघडण

शरद पाटील यांचा जन्म धुळे येथे सत्यशोधक विचारांच्या शेतकरी कुटुंबात झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढील काळात ब्राह्मणेतर चळवळीच्या रूपाने हा विचार खानदेशातील शेतकरी घरांपर्यंत पोहोचला होता. धुळे शहराला विद्येची आणखी एक परंपरा होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. फुले यांची बंडखोरी आणि राजवाडे यांची शब्दव्युत्पत्तीवर आधारलेली इतिहासपद्धती, या दोन्हींच्या खुणा पाटील यांच्या पुढील लेखनात दिसतात. राजवाडे यांच्या निष्कर्षांशी मात्र त्यांनी अनेक ठिकाणी वाद घातला.

शालेय शिक्षणानंतर चित्रकला शिकण्यासाठी ते प्रथम बडोद्याच्या कलाभवनात व नंतर मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात गेले. तो काळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा होता. मुंबईत कामगार व विद्यार्थी चळवळींना जोर चढला होता. १९४५ मध्ये विद्यार्थ्यांच्या संपात भाग घेऊन पाटील यांनी शिक्षण सोडले आणि ते कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. पक्षाच्या मुंबईतील मुख्यालयात त्यांनी काही काळ चित्रकार म्हणून काम केले. कुंचला पुढे मागे पडला, तरी साहित्य व कलेच्या प्रश्नांविषयीची आस्था त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत टिकून राहिली.

कामगार आघाडीकडून आदिवासी भागाकडे

स्वातंत्र्याच्या सुमारास पाटील धुळ्यास परतले. आरंभी त्यांनी कामगार संघटनेचे आणि पन्नाशीच्या दशकात शेतकरी आघाडीचे काम केले. त्या दशकाच्या अखेरीपासून ते आदिवासींमध्ये काम करू लागले. तेव्हाचा धुळे जिल्हा मोठा होता. आजचा नंदुरबार जिल्हा त्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. साक्री, नवापूरपासून तळोदा, अक्कलकुवा, अक्राणीपर्यंतचा भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांचा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे.

आदिवासींमधील कामाचा एक आदर्श कम्युनिस्टांपुढे होता. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. खानदेशात मात्र प्रश्नाचे स्वरूप दुहेरी होते. तापीकाठच्या सुपीक पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारी व्यवहारांतून हातच्या गेल्या होत्या आणि त्यांच्यापैकी अनेक जण त्याच जमिनींवर सालदार म्हणून राबत होते. डोंगराळ भागात वनखाते हाच जमीनदार होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन १९२७ च्या वन कायद्याखाली सरकारी ठरल्याने तेथील शेतकरी कागदोपत्री अतिक्रमक झाला होता. नांगर धरल्याबद्दल दंड भरणे, गुरे कोंडवाड्यात जाणे आणि उभे पीक मोडले जाणे हा अनुभव पाड्यापाड्यांवर होता.

या कामातूनच पाटील यांच्या मनात पुढील वादाचे बीज पडले, असे म्हणता येते. पक्षाच्या परिभाषेत सालदार हा शेतमजूर होता, म्हणजे ग्रामीण सर्वहारा. प्रत्यक्ष गावात मात्र त्याची गणना प्रथम भिल्ल म्हणून होत असे. गरीब कुणबी, दलित शेतमजूर आणि भिल्ल सालदार यांचे आर्थिक हित एक असले, तरी ते एका पंगतीला बसत नव्हते आणि एका मोर्चात येणेही अवघड होते. बड्या शेतकऱ्याला मात्र आपल्या जातीचा गरीब शेतकरी सहज पाठीशी उभा करता येत असे. समान हित असूनही ही माणसे एकत्र का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर वर्गाच्या सिद्धान्तात त्यांना मिळाले नाही.

शहाद्याचा अनुभव

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी शहादा परिसरात या प्रश्नाने उग्र रूप घेतले. तेथील आदिवासी जागृतीला जुनी पार्श्वभूमी होती. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा भागात गुलाम महाराज यांनी व्यसनमुक्तीची मोठी लाट उभी केली होती. त्याच परंपरेशी नाते सांगणारे अंबरसिंग सुरतवंती, म्हणजे अंबरसिंग महाराज, हे पुढे भिल्लांचे नेते झाले. २ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे धान्याच्या मागणीवरून संघर्ष होऊन गोळीबारात आदिवासीचा बळी गेला. त्यानंतर ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटनेची स्थापना झाली. शहरांतून आलेले सुशिक्षित तरुण आणि स्थानिक आदिवासी कार्यकर्ते यांनी सालदारांची मजुरी, गेलेल्या जमिनी आणि दारूबंदी हे प्रश्न हाती घेतले. बड्या शेतकऱ्यांच्या पीकसंरक्षणाच्या संस्थांशी त्यांचा सामना झाला. अंबरसिंग महाराजांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्य विधिमंडळाने संमत केला. त्यामागे राज्यभरातील अशा लढ्यांचा रेटा होता.

श्रमिक संघटनेतील एक तरुण अभियंते कुमार शिराळकर ऐंशीच्या दशकात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि २ ऑक्टोबर २०२२ रोजी निधन होईपर्यंत त्याच पक्षात राहिले. शरद पाटील यांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. पक्षात राहून आदिवासींमध्ये काम केल्यानंतर ते पक्षाबाहेर पडले.

पक्षाशी मतभेद

१९६४ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष दुभंगला, तेव्हा पाटील मार्क्सवादी पक्षात गेले. याच दशकात त्यांनी एक अनपेक्षित निर्णय घेतला. प्राचीन भारताचा इतिहास मूळ ग्रंथांतून वाचल्याशिवाय जातीचे कोडे सुटणार नाही, अशी खात्री पटल्यामुळे चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना ते बडोद्यास जाऊन पाणिनीय व्याकरण शिकले. त्यांच्या अनेक ग्रंथांवर त्यांचे नाव ‘शरद्’ असे हलन्त छापलेले आढळते.

कम्युनिस्टांनी प्राचीन इतिहासाचा विचार त्यापूर्वी केला नव्हता, असे नाही. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९४९ मध्ये आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारतीय इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्यावर कठोर टीका केली आणि पुढे स्वतःच्या संशोधनाने भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. पाटील यांचे या दोघांशीही मतभेद होते. युरोपच्या इतिहासातून काढलेले टप्पे डांगे यांनी जसेच्या तसे भारतावर लादले आणि कोसंबींनी जातीला स्वतंत्र शोषणसंस्थेचा दर्जा दिला नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा सारांश होता.

पाटील यांचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल. ब्रिटिशपूर्व भारतातील शोषणाचे मूळ रूप वर्ग हे नव्हते. आधी वर्ण आणि नंतर जात, हीच येथील शोषणाची चौकट होती. जमीन, श्रम, विवाह आणि ज्ञान या सर्वांचे वाटप तिच्यातूनच होत असे. ब्रिटिश राजवटीत आधुनिक वर्ग निर्माण झाले. मात्र त्यांनी जातींची जागा घेतली नाही. ते जातींच्या जोडीने उभे राहिले. म्हणून भारतातील लढा जात व वर्ग या दोन्ही अंगांनी, एकाच वेळी लढावा लागेल. पक्षाच्या अधिकृत विचारसरणीत मात्र जात ही प्रामुख्याने अधिरचनेची बाब मानली जात होती. आर्थिक पाया बदलला की ती मागे पडेल, आणि तिच्यावर आधीच भर दिला तर कष्टकऱ्यांची एकजूट फुटेल, अशी धारणा होती. हा वाद मिटला नाही. १९७८ मध्ये पाटील पक्षातून बाहेर पडले.

दूरच्या देशांतील समान प्रश्न

कम्युनिस्ट चळवळीत असा प्रश्न केवळ भारतात निर्माण झाला नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना कानपूर येथे डिसेंबर १९२५ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हुलिओ अंतोनियो मेल्या व कार्लोस बालिन्यो यांच्या पुढाकाराने हवाना येथे क्यूबाचा पहिला कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला होता. उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज हा क्यूबाच्या समाजाचा मोठा भाग आहे. क्रांतीनंतर फिडेल कास्त्रो यांनी मार्च १९५९ मध्ये वर्णभेदाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. नोकऱ्या, शाळा, समुद्रकिनारे सर्वांना खुले झाले. त्यानंतर थोड्याच काळात, १९६२ च्या दुसऱ्या हवाना जाहीरनाम्यात, भेदभाव संपल्याचा दावा करण्यात आला आणि त्यावरील खुली चर्चा थंडावली. वाल्तेरियो कार्बोनेल या कृष्णवर्णीय मार्क्सवादी लेखकाने १९६१ मध्ये राष्ट्रीय संस्कृतीच्या घडणीतील आफ्रिकी वंशीयांचा वाटा मांडणारे पुस्तक लिहिले. ते राज्यकर्त्यांना रुचले नाही आणि बराच काळ दडपले गेले. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी तर १९५६ मध्ये फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा राजीनामा देताना, वसाहतीतील कृष्णवर्णीयांचा लढा हा दुसऱ्या कोणत्या लढ्याचा केवळ एक भाग मानता येणार नाही, असे कारण दिले होते.

वंश आणि जात या गोष्टी एक नाहीत. क्यूबाच्या क्रांतीने कायद्यातील भेद झपाट्याने दूर केले, हेही खरे. तरीही, ज्या अन्यायाचे मूळ जन्माशी बांधलेले आहे तो आर्थिक बदलाने आपोआप संपतो काय, हा प्रश्न पाटील, कार्बोनेल आणि सेझेर यांना समान होता.

सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष

मार्क्सवादी पक्ष सोडल्यावर १९७८ मध्येच पाटील यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावातच फुले आणि मार्क्स यांची सांगड होती. ‘मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद’ ही त्यांनी मांडलेली विचारप्रणाली ‘माफुआ’ या संक्षेपाने ओळखली जाऊ लागली. जात्यंतक लोकशाही क्रांती हे पक्षाचे उद्दिष्ट होते.

पक्षाचा जन्म झाला ते वर्ष महाराष्ट्रात जातीय तणावाचे होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत करताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. गरीब सवर्ण शेतकरी गरीब दलितांवर हात उगारतो, हे त्या दिवसांत उघड दिसले. पाटील यांच्या मांडणीला यापेक्षा कटू पुरावा मिळणे कठीण होते. त्यांच्या पक्षाने नामांतराच्या आंदोलनात भाग घेतला. हा लढा १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चालला.

पक्षाचा खरा आधार मात्र धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागातच होता. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेमार्फत वनजमिनी कसणाऱ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे, धरणे व सत्याग्रह होत राहिले. साक्री व नवापूर परिसरात या सभेचे काम विशेष रुजले. स्त्रियांचा सहभाग हे या आंदोलनांचे वैशिष्ट्य होते.

ग्रंथकर्तृत्व

पाटील यांचा ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा प्रमुख ग्रंथ होय. तो १९८२ मध्ये प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’शी नाते सांगणाऱ्या या ग्रंथात वेद, पाणिनी, महाभारत, बौद्ध त्रिपिटक यांच्या आधारे वर्णदास्याच्या उगमाचा शोध घेतला आहे. आर्यपूर्व समाजात स्त्रियांची सत्ता होती आणि स्त्रीच्या पराभवानंतर वर्णव्यवस्था दृढ झाली, हे त्यांचे प्रमेय विशेष गाजले. स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाला त्यामुळे त्यांच्या विचारात मध्यवर्ती जागा मिळाली. गेल ऑम्वेट यांच्यासारख्या विदुषींनी या मांडणीची गंभीर दखल घेतली.

‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी दिङ्नाग व धर्मकीर्ती या बौद्ध तर्कशास्त्रज्ञांचा आधार घेऊन जाणीव आणि नेणीव यांचा विचार केला. माणूस विचाराने समतावादी झाला, तरी त्याच्या नेणिवेत जात टिकून राहते, हे त्यांचे प्रतिपादन होते. डाव्या व पुरोगामी कार्यकर्त्यांच्या घरातील विवाह, जेवणावळी आणि मैत्री जातीच्या मर्यादेतच का राहतात, याचे उत्तर त्यातून मिळत असे. ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे नियतकालिकही त्यांनी चालवले. शिवकालाविषयीचे त्यांचे पुस्तक आणि मूलनिवासीवादावरील टीका यांमुळे केवळ प्रस्थापितांशीच नव्हे, तर बहुजन चळवळीतील काही प्रवाहांशीही त्यांचे खटके उडाले. सवंग अस्मितेला त्यांनी आपल्या बाजूच्या लोकांतही आश्रय दिला नाही.

मर्यादा

पाटील यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना मर्यादाही नोंदवाव्या लागतात. त्यांची भाषा अवघड होती. स्वतः घडवलेल्या पारिभाषिक संज्ञांनी ती जड झाली होती. ज्या सालदारासाठी सिद्धान्त मांडला, त्याला तो वाचणे शक्य नव्हते आणि कार्यकर्त्यालाही तो शिबिरांतून समजून घ्यावा लागे. व्युत्पत्तीच्या आधारे काढलेले त्यांचे अनेक निष्कर्ष प्राच्यविद्येच्या अभ्यासकांना मान्य झाले नाहीत. प्राचीन स्त्रीसत्तेविषयीचे प्रमेय आजही वादग्रस्त आहे. निवडणुकीच्या राजकारणात पक्षाला उल्लेखनीय यश आले नाही. मतभेद तत्त्वाच्या पातळीवर नेण्याच्या त्यांच्या वृत्तीमुळे सहकारी दुरावले आणि आधीच लहान असलेली संघटना फुटली. जातीअंताचा कार्यक्रम सर्व जातींच्या कष्टकऱ्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट, म्हणजे पक्षाच्या स्थापनेमागील मुख्य हेतू, संघटनेच्या पातळीवर साध्य झाला नाही.

वारसा

असे असले तरी पाटील यांनी मांडलेल्या प्रश्नाचे महत्त्व कमी झाले नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाकाराने तामिळनाडूत अस्पृश्यता निर्मूलन आघाडी आणि महाराष्ट्रात जातिअंत संघर्ष समिती स्थापन झाली. २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला याच्या मृत्यूनंतर देशभरातील विद्यार्थी मोर्चांत ‘जय भीम’ व ‘लाल सलाम’ या घोषणा एकत्र ऐकू येऊ लागल्या. १९७८ मध्ये जी सांगड पक्षशिस्तीच्या विरोधात जाणारी वाटत होती, ती घोषणेच्या रूपाने तरी रूढ झाली.

जमिनीच्या प्रश्नावरही काही पावले पडली. २००६ चा वनहक्क कायदा नियमांसह जानेवारी २००८ पासून अमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा चार हेक्टरपर्यंतचा हक्क त्याने मान्य केला. इतर वननिवासींसाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. या कायद्यामागे देशभरातील अनेक संघटनांचे श्रम होते आणि धुळे-नंदुरबारमधील लढे हा त्याचाच एक भाग होता. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनहक्क ही प्रमुख मागणी होती, यावरून कायदा झाल्यानंतर दशकभरानेही अंमलबजावणी अपुरी होती, हे स्पष्ट होते.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरील, गुजरातच्या सीमेलगतचे खापर किंवा डोंगरातील मोलगी, धडगाव यांसारख्या गावांच्या आसपासच्या पाड्यांवर वनहक्काचा दावा हा शब्द आता सर्वांना ठाऊक आहे. दाव्यासोबत पुरावा लागतो, ग्रामसभेचा ठराव लागतो, मोजणी लागते, आणि यातील प्रत्येक पायरीवर आदिवासीला अद्याप संघटनेचा आधार लागतो. कायद्याने हक्क दिला, तरी तो मागणाऱ्याकडे कार्यालयात कोणत्या नजरेने पाहिले जाते, यावर बरेच अवलंबून असते. शरद पाटील यांच्या राजकीय जीवनाचा आशय याच ठिकाणी आहे. जमीन मिळणे हा लढ्याचा अर्धा भाग आहे. ती कसणाऱ्याला समान माणूस मानले जाणे हा उरलेला अर्धा भाग आहे, आणि पहिल्या भागाच्या पूर्ततेसाठी दुसरा पुढे ढकलता येणार नाही, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. १२ एप्रिल २०१४ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले.